कवळीवाल्याने मानलेले आभार

आमच्या समोरच्या कवळीवाल्याने बायकोला कॅन्सर झाला म्हणून भर प्रार्थनासभेत उभं राहून देवाचे आभार मानले, अशी बातमी आमच्या गल्लीत फिरत होती. कोपऱ्यावरची किराणावाली तर साखर तोलता तोलता वर हेही सांगायची की आभार मानताना तो हसत होता. ऐकणाऱ्याचा आ वासलेला राहायचा, आणि तेवढ्या वेळात काटा हळूच तिच्या बाजूला झुकायचा.

बातमी खोटी आहे. त्या सभेत मी तिसऱ्या रांगेत बसले होते. शेवटी चहा आणि बिस्किटं मिळतात म्हणून मी अधूनमधून जाते तशीच गेले होते, आणि माझे कान अजून शाबूत आहेत. आभार त्याने मानले, हे खरं. पण तो हसत नव्हता, आणि कॅन्सर झाल्याचे आभार तर त्याने मुळीच मानले नाहीत. कशाचे मानले ते सांगायचं तर आधी माणूस सांगायला हवा.

आमची दारं एकमेकांसमोर, मधे जिना. त्याच्या घराची पुढची खोली म्हणजे त्याचं कामाचं दुकान. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, म्हणजे ओल्या मसाल्यात जबड्याचा ठसा उमटवून घेतात, आणि तो ठसा याच्याकडे पाठवतात. हा त्यात प्लास्टर ओततो आणि एक पांढराशुभ्र जबडा बाहेर काढतो. त्यावर मेणाची हिरडी, हिरडीत एकेक दात, मग मेण वितळवून त्याच्या जागी गुलाबी मसाला, मग शिजवणं, घासणं, चकाकी आणणं. खोलीत सगळीकडे पांढरी धूळ, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर जबडे ओळीने मांडलेले, आ करून बसलेले. पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला वाटतं सगळे आपल्यालाच हसतायत.

गंमत अशी की ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, त्याचं खरं तोंड हा कधी बघतच नाही. त्याला माहीत असतात ती प्लास्टरची तोंडं. रस्त्यात कुणी म्हातारा ओळखीचं हसला तर हा चेहऱ्याकडे नाही, दातांकडे बघतो आणि मग नमस्कार करतो. आमच्या मंडळीतल्या निम्म्या वडीलधाऱ्यांचं हालेलुया त्याने केलेल्या दातांतूनच बाहेर पडतं.

आज त्याला बघून खरं वाटणार नाही, पण पूर्वी हा माणूस विंचू होता. एका डॉक्टरने एकच कवळी पुन्हा पुन्हा परत पाठवली, तर याने ती उचलून खिडकीतून भिरकावली. ती माझ्या कुंडीत पडली. सकाळी झाडाला पाणी घालायला गेले तर मातीतून दात दिसले. मी किंकाळी मारून जिना डोक्यावर घेतला, आणि हा दार उघडून मलाच म्हणाला की ओरडताय कशाला, ते काय चावणार आहेत. अशा माणसाबरोबर वहिनीने कसा संसार केला ते तिचं तिला माहीत.

वहिनी गाणारी होती. टायरच्या दुकानावर एक लांबट हॉल आहे, तिथे नवीकरण सेवा नावाच्या गटाची प्रार्थनासभा भरते. खालून रबराचा वास येतो, वर प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात एक की-बोर्ड आणि सारखा गुणगुणणारा माइक. सभेतली गाणी वहिनीच सुरू करायची. आवाज काही मोठा नव्हता, पण ती गायला लागली की लोक खोकणं थांबवायचे. एक दिवस तिने नवऱ्याला सांगितलं, की तुम्ही तरी माझ्याबरोबर चला, नाहीतर मी तरी तिकडेच राहायला जाते. तो गेला. मला वाटलं हा आठवडाभरात माइक खिडकीतून फेकणार.

फेकला नाही. तिथे एक पद्धत होती, आभाराची फेरी. सभा संपायच्या आधी माइक हातोहात फिरायचा आणि ज्याला वाटेल तो उभा राहून एका गोष्टीबद्दल आभार मानायचा. पहिल्या काही वेळा याने माइक पुढे ढकलला. मग एकदा उभा राहिला आणि म्हणाला, की आज मी कुणावर ओरडलो नाही, आभार. लोक हसले. दुसऱ्या दिवशी तो दूधवाल्यावर असा ओरडला की दूधवाल्याने आमचंही दूध बंद केलं. पण पुढच्या सभेला तो पुन्हा उभा राहिला. असं करत करत, कुणाच्या लक्षात यायच्या आत, विंचवाचा डंख गेला. कुंडीतली कवळी ज्याची होती त्या डॉक्टरकडे तो स्वतः गेला आणि माफी मागून आला. मला नवी कुंडी आणून दिली. मी म्हटलं, भाऊ, तुमच्या देवाला सांगा, माझ्या तव्याची दांडीही तुटली आहे. तो चक्क हसला. हे त्या सेवेनेच केलं, हे मान्य करायला मला जड जातं, पण खोटं कशाला बोला.

सेवा चालवणाऱ्याला सगळे बंधू म्हणायचे. पोटासाठी तो पाणी गाळायची यंत्रं विकायचा. लबाड माणूस असता तर ही गोष्ट सांगायला मला फार मजा आली असती. तो लबाड नव्हता. कुणाच्या घरी आजारपण असलं की आपल्या दुचाकीवर बसवून माणसाला हॉस्पिटलात पोचवायचा, आणि गरीब घरात यंत्र फुकट बसवून यायचा. लहानपणापासून तो तोतरा होता. नाव सांगायचं म्हटलं तरी समोरच्याला खुर्ची द्यावी लागायची. त्याने वर्षानुवर्षं आरशासमोर उभं राहून एकच वाक्य म्हटलं होतं, की प्रभूने माझी जीभ मोकळी केली. मोकळी कर नव्हे, मोकळी करील नव्हे. केली. आणि एक दिवस ते वाक्य एका दमात बाहेर आलं. त्यानंतर तो जो बोलायला लागला तो थांबेचना. तेव्हा त्याने जे सांगितलं ते त्याने स्वतः भोगलेलं होतं. तो म्हणायचा, 'करील' म्हणणं म्हणजे दाराबाहेर उभं राहून ठोठावणं, 'केलं' म्हणणं म्हणजे आत जाऊन बसणं. म्हणून त्या हॉलमध्ये सगळे आभार झालेल्या गोष्टीचे असायचे. ज्याची नोकरी गेली आहे तो म्हणायचा, प्रभूने मला नोकरी दिली. जिचा गुडघा दुखतोय ती खुर्चीचा आधार घेत उठायची आणि म्हणायची, प्रभूने माझा गुडघा बरा केला. मग तशीच आधार घेत बसायची.

आता वहिनीच्या तोंडाकडे येते.

तिचे वरचे दात लवकर गेले होते. कवळी अर्थात नवऱ्याच्या हातची. एवढी सुबक की नव्या माणसाला कळायचं नाही. ती कवळी टाळूपाशी एका जागी टोचायला लागली. कवळी टोचणं ही त्या घरात पाहुणा येण्याइतकी साधी गोष्ट. ती बोलली नाही, पण जेवताना तिचं तोंड वाकडं झालेलं बघून त्याने ती जागा थोडी घासून दिली. आता कसं आहे, विचारलं. बरं आहे, ती म्हणाली. काही दिवसांनी पुन्हा तेच. त्याने पुन्हा घासली. बरं आहे. पुन्हा. बरं आहे.

'बरं' या शब्दाचं काय करायचं मला कळत नाही. आपण तो चहाला म्हणतो, स्थळाला म्हणतो, तापातून उठलेल्या माणसाला म्हणतो, आणि ज्याच्याशी पुढे बोलायचं नसतं त्यालाही म्हणतो. वहिनी तो नवऱ्याला म्हणायची, कारण आपल्या हाताचं काम बायकोच्याच तोंडात बसत नाही हे त्याला लागू नये. आणि तो ऐकायचा, कारण त्याला तेच ऐकायचं होतं. कवळीची ती जागा घासून घासून कागदासारखी झाली. आपलं काम चुकतंय, एवढंच त्याच्या डोक्यात. तोंड चुकत असेल हे त्याच्या मनाला शिवलं नाही.

शेवटी वैतागून त्याने ठरवलं की सगळी कवळी नव्याने करायची. तिच्या तोंडाचं ताजं माप घेतलं, त्यात प्लास्टर ओतलं आणि सुकल्यावर उघडलं. पांढऱ्या टाळूवर एका बाजूला बोराएवढा उंचवटा होता. आधी त्याला वाटलं प्लास्टरात बुडबुडा राहिला. दुसऱ्यांदा माप घेतलं. उंचवटा तिथेच. मग त्याने फळीवरून तिचा जुना जबडा काढला, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि अंगठा फिरवून बघितला. मी त्या वेळी उसना कांदा मागायला गेले होते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि कांदा कुठे असतो ते त्याला आठवेना.

मग दातांची डॉक्टर, तिथून मोठं हॉस्पिटल, तिथे तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि नको ते उत्तर आलं. टाळूचा भाग काढावा लागेल, लवकर काढला तर बरं, असं सांगून त्यांनी ऑपरेशनची तारीख दिली.

सभेत सगळ्यांनी हात वर करून प्रार्थना केली. बंधूने वहिनीच्या कपाळाला तेल लावलं. म्हातारे रडले, मीही थोडी रडले. मग फेरी सुरू झाली आणि माइक वहिनीकडे आला. ती उठली. एवढी माणसं आपल्यासाठी रडतायत, याचा तिला भार झाला असावा. ती म्हणाली, "प्रभूने मला बरं केलं. त्याचे आभार." टाळ्या पडल्या, की-बोर्डवाला वाजवायला लागला आणि ती गायलीसुद्धा.

तिथे ती अडकली. बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. त्या हॉलमध्ये देवाने काय केलं याची साक्ष एकदा दिली की दिली. घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, की मी आता ऑपरेशनला जाणार नाही. सगळ्यांसमोर बरं केलं म्हणाले, आणि आता पोट धरून, आपलं, तोंड धरून हॉस्पिटलात गेले, तर एक तर मी खोटी किंवा देव खोटा. देवाला मी खोटं पाडणार नाही. तो समजावत राहिला. त्याने प्लास्टरचा जबडा तिच्यापुढे धरला. तिने तोंड फिरवलं आणि म्हणाली, तुमचा विश्वास प्लास्टरवर आहे.

तारीख आली. ती घरात गव्हातले खडे निवडत बसली. तारीख गेली.

तो बंधूकडे गेला. बंधू म्हणाला, औषध घेणं पाप आहे असं मी कधीच म्हटलं नाही, उद्या तिला घेऊन जा, माझी गाडी आहे. मग हा म्हणाला, हे तुम्ही तिला सांगा. बहिणीने साक्ष दिली आहे, ती परत घे म्हणून मी कोणत्या तोंडाने सांगू, असं बंधू म्हणाला. स्वतःची जीभ ज्या वाक्याने सुटली त्या वाक्यावर पाय द्यायला त्याचा पाय उचलला जात नव्हता. हॉस्पिटलने दुसरी तारीख दिली होती. मधले दिवस असेच गेले. वहिनी पातळ पदार्थ खायला लागली होती आणि विचारलं की म्हणायची, बरं आहे.

आणि मग ती सभा, जिच्याबद्दल किराणावालीला सगळं माहीत आहे.

माइक त्याच्याकडे आला तेव्हा मला वाटलं तो पुढे देईल. तो उभा राहिला. बायको शेजारच्याच खुर्चीवर. तो हळू बोलतो, त्यातून माइकची गुणगुण, त्यामुळे सगळे पुढे झुकले.

"प्रभू, माझ्या बायकोच्या टाळूला गाठ आहे," तो म्हणाला. "होती नाही. आहे. ती मला दाखवलीस, त्याबद्दल तुझे आभार. कापून काढणारे हात या गावात आहेत, त्याबद्दल आभार. ती बरी झालेली नाही हे सगळ्यांच्या देखत मी बोलतोय. याचा दोष माझ्यावर धर, तिच्यावर धरू नकोस."

की-बोर्डवाल्याचं बोट एका पट्टीवर तसंच राहिलं आणि तो एकच सूर लांबत गेला. एक आजी सवयीने आमेन म्हणाली, तर शेजारणीने तिला कोपराने ढोसलं. वहिनीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. ती उठली, पिशवी घेतली आणि जिना उतरून एकटी घरी गेली. त्या दिवशी चहा झाला नाही. बिस्किटांचे पुडे न फोडता परत गेले, यावरून काय ते समजा.

हॉलमधली माणसं त्याच्यावर दात खाऊन होती, आता ते दातही त्यानेच करून दिलेले, याला कोण काय करणार. कुणी म्हणाले त्याने विश्वास मोडला. कुणी म्हणाले बायकोच्या मरणाला आता हाच जबाबदार. तो पुढच्या सभेला गेला आणि त्याच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. माइक त्याला वळसा घालून गेला.

घरातही तेच. वहिनी त्याच्याशी बोलेना. निरोप माझ्यामार्फत जायचे. ताई, त्यांना सांगा जेवण झाकून ठेवलंय. मी जिन्यात उभी राहून सांगायची, भाऊ, जेवण झाकून ठेवलंय. तो आतून म्हणायचा, ऐकलं. ती म्हणायची, ताई, त्यांना सांगा मी त्यांच्याशी बोलत नाही. एरवी असलं काम मला कुणी दिलं असतं तर मी मिरवलं असतं. पण तिचं बोलणं तेव्हाच थोडं नाकातून यायला लागलं होतं, आणि ते निरोप पोचवताना चेष्टा करायची माझी हिंमत होईना.

एका सकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात आली आणि घट्ट चेन असलेली पिशवी आहे का, म्हणून विचारलं. माझ्याकडे होती. ती तिने घेतली आणि तिथेच स्टुलावर बसली.

"मी शब्द दिला होता, ताई," ती म्हणाली. "तो मला मागे घेता येत नव्हता. यांनी मोडला. मोडलेलाच आहे, तर आता मी कशाला राखत बसू?"

मी म्हटलं, मग भाऊंना सांगू का. ती म्हणाली, सांगा, पण मी माफ केलेलं नाही हेही सांगा.

बंधूची गाडी तिने घेतली नाही. दोघं बसने हॉस्पिटलात गेली, वेगवेगळ्या बाकांवर बसून.

गाठ हाडात शिरली होती. तपासणाऱ्या डॉक्टरने, आधी आला असतात तर, एवढं म्हणून वाक्य तिथेच सोडलं आणि खाली कागद बघायला लागला. ऑपरेशनमध्ये निम्मी टाळू गेली, वर एक भोक राहिलं. काय खाल्लं, काय प्यालं, ते नाकातून बाहेर. आणि शब्द तर सगळे त्या भोकातच गळून जायचे. तिच्याच घरच्यांना ती काय म्हणतेय ते कळेना. लेक परगावाहून आली होती, ती फोनवर आपल्या नवऱ्याला सांगायची की आई मागते पाणी आणि मी देते उशी.

ते भोक बुजवणारी कवळी करायची होती. हॉस्पिटलातल्या दातांच्या डॉक्टरने माप घेतलं आणि कसं करायचं ते नवऱ्याला नीट दाखवलं, कारण असलं काम याने कधी केलं नव्हतं. वरती पोकळ फुगा, त्याच्याखाली टाळू, मग दात. पहिली बसली नाही. दुसरी बसली, पण तिला ओकारी यायची. तो घरी आणून घासायचा, अंगठ्याने कड चाचपायचा, परत घेऊन जायचा. यंत्राचा तो घरघर आवाज मी इतकी वर्षं ऐकतेय, कधी लक्ष गेलं नव्हतं. त्या दिवसांत तो थांबला की मी दचकायची.

एकदा ती घरी आल्यावर मी बघायला गेले होते. त्याने नवी कवळी बसवली, मागे सरकला आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, कसं आहे. वहिनीने ओठ हलवले, तोंड मिटलं, पुन्हा उघडलं.

"बोचतंय," ती म्हणाली. स्वच्छ. "इथे."

ऑपरेशननंतर तिचा आम्हाला कळलेला हा पहिला शब्द, आणि अख्ख्या संसारात तिने नवऱ्याच्या कामाला लावलेला पहिला बोल. तो कवळी काढून घेऊन घासायला गेला. यंत्र बराच वेळ सुरू झालं नाही. दाराआडून मला ऐकू आलं, तो आभार मानत होता. बायको बरी झाली म्हणून नव्हे. ती बोचतंय म्हणाली म्हणून.

त्यानंतर ती दोघं एकमेकांशी बोलायला लागली, म्हणजे भांडायला लागली. दिवसभर हे बोचतंय, ते सैल आहे, तुम्ही हळू चाला, तुम्ही मोठ्याने जेवता. इतकी वर्षं आत साठलेलं सगळं बाहेर आलं. तो सगळं ऐकून घ्यायचा. मी म्हटलं, वहिनी, जरा दमाने घ्या. ती म्हणाली, आता दम कुठे उरलाय घ्यायला.

ती सभेलाही गेली. तिचं गाणं संपलं होतं, ती नुसती पुटपुटायची. फेरीत माइक तिच्याकडे द्यायचा की नाही यावर डोळ्यांनी बरीच चर्चा झाली. तिने हात लांब करून तो घेतला. म्हणाली, आज उकडलेला बटाटा खाली गेला, नाकात आला नाही, आभार. नवऱ्याला अजून सगळं माफ केलेलं नाही, पण त्याच्याशेजारी बसले आहे, त्याचेही आभार. मग ती बसली. कुणाला टाळ्या वाजवाव्या की नाही ते कळेना. गुडघेदुखीवाली बाई उठली, खुर्चीचा आधार घेतला आणि म्हणाली, माझा गुडघा काही बरा नाही, पण इथवर जिना चढून आले. तिला हे म्हणायला किती वर्षं लागली असतील ते तीच जाणे. त्या दिवशी चहा झाला. काही माणसं मात्र पुढच्या आठवड्यापासून यायची थांबली. दुसऱ्या एका हॉलमध्ये अजून 'केलं' म्हणतात, तिकडे गेली.

पण गाठ परत आली. मानेत. थंडी सुरू झाली तेव्हा वहिनी अंथरुणावरच होती. दुखणं असं की औषधाच्या दोन गोळ्यांमधला वेळ हाच तिचा सगळा दिवस. ती कण्हायची आणि तो तिचं कण्हणं ऐकत कवळ्या घासायचा, कारण काम घेतलेलं होतं. शेवटी शेवटी तिला हॉस्पिटलात हलवलं, तिच्या तोंडात कवळी ठरेना. मग पुन्हा शब्द गेले. ती डोळ्यांनी जिथे दाखवेल तिथे तो हात ठेवायचा.

ती गेली तेव्हा चेहरा एका बाजूने आत गेला होता. हॉस्पिटलवाल्यांनी कवळी पट्टीत गुंडाळून त्याच्या हातात दिली. शवपेटी झाकायच्या आधी त्याने पट्टी सोडली, कवळी धुतली आणि कडेवरून अंगठा फिरवला. कुठे बोचत तर नाही ना, हे तो बघत होता. मग बसवली. गाल वर आला. लेक भिंतीकडे तोंड करून उभी होती.

दफनाच्या वेळी बंधूने पवित्र शास्त्रातला भाग वाचायला घेतला. पुनरुत्थान या शब्दावर त्याची जीभ अडली. पु, पु, पु, याच्यापुढे जाईना. लहानपणीचं सगळं परत आलं होतं. मागे कुजबुज सुरू झाली, दुसऱ्या कुणीतरी पुस्तक घ्या म्हणून. कवळीवाला खड्ड्याच्या कडेला उभा होता, तो मागे वळून म्हणाला, त्यालाच वाचू द्या, आपल्याला कुठे जायचंय. मग आम्ही सगळे त्या थंडीत थांबलो. शब्द आला, तुकडे तुकडे होऊन आला, पण आला. मला वाटतं हा बंधूला दिलेला सगळ्यांत मोठा टोला होता आणि सगळ्यांत मोठी माफीही. दोन्हींतलं त्याच्या मनात काय होतं, देव जाणे. विचारलं तर तो सांगत नाही. बंधू अजून पाण्याची यंत्रं विकतो. सभेत आता कमी बोलतो, आणि अडला तर लोक थांबतात.

कवळीवाला मात्र सभेला जायचा थांबला नाही. तेच मला कळेना. बायको गेली. तिचं गाणं गेलं, तेही आधीच. ज्या खोलीत ते सगळं घडलं त्याच खोलीत हा जाऊन बसतो, रबराच्या वासात, आणि माइक आला की उभा राहतो. काही दिवस तर नुसता उभा राहायचा आणि बसायचा. एकदा म्हणाला, आज तिची आठवण काढून रागावलो नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, आज रागावलो, तरी आलो. आभार. किराणावालीने नवीन बातमी सोडली आहे की त्याला पुन्हा लग्न करायचंय म्हणून तो जातो. मी ती बातमी पुढे ढकलायला नकार दिला, यावरून माझं मन त्याच्याविषयी किती मऊ झालंय ते कळावं.

पण खाज ती खाजच. परवा मी दार वाजवलं, त्याने उघडलं आणि परत कामाला बसला. तो यंत्रावर होता, हाताला पांढरी धूळ, फळीवर सगळे जबडे आ करून बसलेले. मी उंबऱ्यातच उभी राहून विचारलं, की भाऊ, एवढ्या प्रार्थना, एवढं तेल, एवढे आभार, आणि शेवटी तुमच्या देवाने ऐकलं नाहीच ना.

त्याने यंत्र बंद केलं, हातातली कवळी पाण्यात टाकली आणि फडक्याला हात पुसले.

"ऐकलं की," तो म्हणाला. "त्याचं उत्तर मला आवडलं नाही, एवढंच. तुमचं बोलणं तरी मला कुठे आवडतं, ताई? म्हणून मी तुम्हाला दार उघडायचं थांबवलंय का?"